कुकटपल्लीचा कडू पाला

नोकरीतले किस्से कोणी ठरवून जमवत नाही. ज्या दिवशी ते घडतात त्या दिवशी तो निव्वळ ताप असतो. डोकं दुखतं, घरी येऊन नवऱ्यावर चिडचिड होते, राजीनामा लिहावासा वाटतो. मग वीस-पंचवीस वर्षं जातात आणि तोच ताप सांगताना हसून हसून डोळ्यांत पाणी येतं!

हैदराबादच्या कुकटपल्लीला औषधी वनस्पतींचे अर्क काढणारा आमचा एक छोटा कारखाना होता. तिथली आम्ही जुनी मंडळी अजूनही अधूनमधून हिमायतनगरला इडली खायला भेटतो. कोणत्या बॅचचा अर्क किती टक्के निघाला, हे आता कुणालाच आठवत नाही. पण उंदरांची गोष्ट निघाली की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघतात.

मी तिथे क्वालिटी कंट्रोलची केमिस्ट. उदगीरकर मॅडम. आमच्या चार पिढ्या हैदराबादेत गेल्या, त्यामुळे माझ्या मराठीत मधेच 'हौ' आणि 'नक्को' येतं. तेवढं सांभाळून घ्या.

* * *

कारखान्याचे मालक भास्करराव. आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणायचो. आधी ते फिनाईल बनवायचे. नव्वदच्या दशकात देशाची दारं उघडली, जो तो एक्स्पोर्टची भाषा बोलायला लागला, आणि साहेबही एका व्यापारी मेळ्यासाठी जर्मनीला जाऊन आले. परतल्या परतल्या सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"फिनाईल बंद! तिकडे गोऱ्यांना आपला पाला पाहिजे. आपण अंगणातून झाडून टाकतो, तो पाला!"

"कशासाठी, साहेब?"

"नवीन रोग निघालाय एक. डॉक्टर, सांगा यांना."

डॉक्टर म्हणजे मूर्ती. सरकारी प्रयोगशाळेतून रिटायर होऊन आमच्याकडे आलेले. विद्वत्ता पक्की आणि स्वभाव त्याहून पक्का. आज ज्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, त्याला तेव्हा सिंड्रोम एक्स म्हणायचे. मूर्तींनी आपल्या तेलुगू वळणाच्या हिंदीत समजावून सांगितलं. पोटाचा घेर वाढलेला, बीपी चढलेलं, रक्तात साखर जास्त, चरबी जास्त. हे सगळं एकाच माणसात गोळा झालं की तो सिंड्रोम एक्स.

"पण एक्स म्हणजे काय?" समीरने विचारलं. समीर पुण्याचा, ताजा एमबीए, मार्केटिंगला लागलेला. त्याला प्रत्येक गोष्टीचा फुल फॉर्म लागायचा.

"एक्स म्हणजे अजून कळलेलं नाही," मूर्ती म्हणाले.

साहेबांनी टेबलाभोवती नजर फिरवली. स्टोअरकीपरचं पोट टेबलाला टेकलेलं. मूर्तींच्या खिशात बीपीच्या गोळ्यांची पट्टी. माझ्या चहात तीन चमचे साखर. खुद्द साहेबांचा पट्टा शेवटच्या भोकावर.

"डॉक्टर, म्हणजे हा रोग आपल्या ऑफिसातच आहे की!"

प्लँटचे फोरमन खलीलभाई दारात उभे होते. काडीसारखा माणूस. तिथूनच म्हणाले, "हौ साब, इसीलिए तो मैं अंदर नै आ रहा!"

* * *

पाला ठरला गुडमारचा. जोडीला कारलं. गुडमारची गंमत अशी की पान चावलं की अर्धा-पाऊण तास जिभेला गोड चव कळतच नाही. मालाची परीक्षा मी तशीच करायची. आधी पान चावायचं, मग साखरेचे दाणे जिभेवर ठेवायचे. वाळू चघळल्यासारखं वाटलं तर माल खरा.

जर्मनीच्या गिऱ्हाइकाचा फॅक्स आला. वनस्पतीचं लॅटिन नाव काय, कुठे उगवली, कधी तोडली, सगळं लेखी पाहिजे. खलीलभाईंना घेऊन मी बेगम बाजारात गेले. जडीबुटीचा दुकानदार लोडाला टेकून बसला होता. समोर दोन पोती, दोन्हींवर नाव एकच आणि आतली पानं मात्र दोन वेगवेगळ्या झाडांची!

मी पानं हातात घेऊन विचारलं, "भाईसाब, इसका लॅटिन नाम क्या है?"

त्याने पोत्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि अतिशय आदराने म्हणाला, "मॅडम, आपको कौनसा नाम होना? वहीच नाम का देंगे!"

मी तणतणत येऊन साहेबांना हे सांगितलं. साहेब समीरकडे वळले. "बघ. याला म्हणतात कस्टमर सर्व्हिस!"

* * *

माणसांच्या आधी उंदीर. अर्काची परीक्षा घ्यायची तर उंदरांना आधी सिंड्रोम एक्स व्हायला हवा, म्हणजे त्यांना खाऊ घालून जाड करायला हवं. मूर्तींनी खाद्याचा तक्ता भिंतीवर लावला. चरबी इतकी, साखर इतकी, रोज तोलून.

खलीलभाईंनी तक्ता वाचला. "इत्ता हिसाब कैकु, डॉक्टर साब? मेरे साडू को जो खिलाते, वोइच खिला देंगे!"

आणि मूर्ती कॉन्फरन्ससाठी आठवडाभर बाहेरगावी गेल्याबरोबर पिंजऱ्यांत इराणी हॉटेलची उस्मानिया बिस्किटं आणि मलई सुरू झाली. मूर्ती परत आले तेव्हा उंदरांना पिंजऱ्यात वळता येत नव्हतं. ते संतापले, पण वजनं घेतल्यावर आकडे वहीत उतरवायला बसले. विज्ञानाला जे पाहिजे होतं ते साडूच्या खुराकाने निम्म्या वेळात करून दाखवलं होतं.

मग उंदरांचे दोन गट केले. एकाच्या खाद्यात आमचा अर्क मिसळला, दुसऱ्याच्या नाही. तीन आठवड्यांनी पाहिलं तर अर्कवाले उंदीर चक्क बारीक!

साहेबांनी पेढे मागवले. समीर जाहिरातीचा मजकूर लिहायला बसला. एकटे मूर्ती पिंजऱ्यांपाशी वाकून काहीतरी गोळा करत होते. उंदरांनी न खाल्लेलं खाद्य त्यांनी तराजूत घातलं आणि शांतपणे केबिनमध्ये आले.

"सर, अर्क इतका कडू आहे की उंदरांनी जेवणच सोडलं. म्हणून बारीक झाले."

साहेबांच्या हातात अर्धा पेढा होता. "म्हणजे उपास केला त्यांनी?"

"हो."

साहेबांनी उरलेला पेढा तोंडात टाकला, नीट खाल्ला, आणि म्हणाले, "समीर, लिही. भूक आपोआप नियंत्रणात येते!"

* * *

उंदरांनंतर माणसं. कॅप्सूल घेऊन बघायला स्वयंसेवक पाहिजे होते. ज्याने त्याने आपल्या डॉक्टरच्या गोळ्या चालूच ठेवायच्या आणि वर ही कॅप्सूल घ्यायची. मूर्तींची एकच तक्रार होती, "बायका येतील. पुरुष येणार नाहीत. पुरुषाला वाटतं त्याला काहीच झालेलं नाही."

समीर म्हणाला, "मी बोर्ड लावतो, तेलुगूत." त्याला हैदराबादला येऊन चार महिने झाले होते. त्याने कोपऱ्यावरच्या पेंटरला विचारलं, औषधाला काय म्हणतात? पेंटर म्हणाला, मंदु. फुकटला? उचितम्. झालं! संध्याकाळपर्यंत गेटवर हातभर अक्षरांत बोर्ड लागला. 'इच्चट मंदु उचितम्.' इथे औषध मोफत.

आता तेलुगूत मंदु म्हणजे औषध, हे अगदी बरोबर. पण रस्त्यावरचा माणूस दारूलाही मंदुच म्हणतो. आणि आंध्रात तेव्हा दारूबंदी होती!

सकाळी मी आले तर रांग गेटपासून पार बस स्टॉपपर्यंत. सगळे पुरुष! काहींनी घरून ग्लास आणलेले. मूर्ती हरखून गेले. "मॅडम, माझं चुकलं. लोकांमध्ये आरोग्याची जाणीव वाढलीय!"

पहिला गडी आत आला. शेजारच्या फाउंड्रीतला कामगार असावा. त्याने निमूटपणे पोटाचा घेर मोजून दिला. बीपी दिलं. बोटातून रक्त दिलं. फॉर्मवर अंगठा दिला. एवढं सगळं झाल्यावर मूर्तींनी त्याच्या तळहातावर हिरवी कॅप्सूल ठेवली. त्याने ती उलटीपालटी करून बघितली आणि रडवेल्या आवाजात विचारलं, "सार, इदेना मंदु?" म्हणजे, साहेब, हीच का दारू?

मूर्तींना उलगडा होतो न होतो तोच गेटवर जीप थांबली. एक्साइजचा इन्स्पेक्टर! अर्क काढायला आम्हाला स्पिरिट लागायचं, त्याची पिंपं परवान्यावर होती, तरी सगळ्यांचे चेहरे पांढरे पडले. इन्स्पेक्टरने बोर्ड वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग खलीलभाईंना बोटाने बाजूला बोलावलं. दोघं भिंतीआड हळू आवाजात काहीतरी बोलले. कारखान्याला सील लागणार, या भीतीने समीरने खुर्चीत बसूनच घेतलं.

खलीलभाई परत आले.

"क्या बोले?" साहेबांनी विचारलं.

"पूछ रै साब, बाँटने का टाइम क्या है बोलके!"

* * *

समीरचं लग्न जमवायचा प्रयत्न मीच केला होता. मुलगी हिमायतनगरची, बँकेत नोकरीला, घर ओळखीचं. मुलीच्या वडिलांना सगळे नाना म्हणायचे. नानांना साखर होती आणि त्यामुळे काकू घरातली साखर कुलपात ठेवायच्या.

आम्ही गेलो. नानांनी विचारलं, "आपण काय करता?" एमबीए माणूस, त्याला तेवढंच पाहिजे होतं! त्याने खिशातून गुडमारची पानं काढली. "काका, चावून बघा. आमचं प्रॉडक्ट याचंच." नानांनी दोन पानं चावली. समीरनेही चावली, विश्वास वाटावा म्हणून. मी डोळे वटारले, पण उशीर झाला होता.

पाच मिनिटांत मुलगी शिरा घेऊन आली. केशर, बेदाणे, वर तुपाची धार. काकू म्हणाल्या, "सगळं तिनेच केलंय. आज ह्यांनाही एक चमचा."

समीरने घास घेतला. थांबला. दुसरा घेतला. पुण्याचा मुलगा, मनात ठेवणं जमत नाही. "छान झालाय. साखर घालायची राहिली का?"

मुलगी ट्रे घेऊन तशीच आत वळली. काकूंचा चेहरा बघवेना. मी घाईघाईने म्हटलं, "नाही हो, गोड आहे की! त्या पानांमुळे..." पण माझं ऐकतंय कोण? कारण तेवढ्यात नाना म्हणाले, "खरंच ग! फिक्का आहे."

"अहो, दोन वाट्या साखर आहे त्यात!"

"खाली बसली असेल," म्हणून नानांनी वाटी तळापर्यंत खाल्ली. "नाही लागत. आणखी दे बघू." दुसरी वाटी. "मधेच जरा लागल्यासारखं वाटलं, पण खात्री नाही." तिसरी वाटी! काकूंना शिऱ्याची अब्रू वाचवायची होती, त्यामुळे त्या वाढतच होत्या. आत मुलगी तोंडाला पदर लावून हसत होती की रडत होती, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. "मुलगा तसा चांगला आहे हो. पण त्याला चव नाही."

आणि दुपारी नानांचा, अगदी दबक्या आवाजात. "मॅडम, ती पानं अजून थोडी मिळतील का?"

* * *

कॅप्सूलची परीक्षा मूर्तींनी काटेकोर घेतली. 'अ' गटाला खरी कॅप्सूल, 'ब' गटाला तशीच दिसणारी, पण आत मक्याचं पीठ आणि हिरवा रंग. कोणाला काय मिळतंय हे ना घेणाऱ्याला माहीत, ना देणाऱ्याला. यादी एका बंद पाकिटात, पाकीट माझ्या कपाटात.

साहेबांना हे सहन होईना. "माझ्याच कारखान्यात काय चाललंय ते मलाच माहीत नाही?" रोज काहीतरी निमित्त काढून माझ्या कपाटाशी घुटमळायचे. दसऱ्याला मशिनरीची पूजा झाली, तेव्हा त्यांनी पाकीट मागून घेतलं, पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि डोळे मिटून उभे राहिले. मी आणि मूर्ती दोन बाजूंनी पहाऱ्याला!

सहा महिन्यांनी ते हळदीचं पाकीट फोडलं. मूर्तींनी दोन दिवस आकडेमोड केली. निकाल एका ओळीत होता. दोन्ही गट सारखेच सुधारले. अर्काने वेगळा असा काही फरक पडला नव्हता.

साहेब खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "माझ्या वडिलांचा पाय साखरेने गेला. गुडघ्यापासून. त्यानंतर रोज सकाळी कारल्याचा रस प्यायचे, तोंडसुद्धा वाकडं न करता. मी ग्लास धरून उभा असायचो. मला खरंच वाटलं होतं डॉक्टर, की त्यात काहीतरी असेल."

मूर्तींनी चष्मा काढला आणि उगाच पुसत राहिले. खलीलभाईंनी पंख्याचा स्पीड कमी केला. त्या दिवशी साहेबांना हसायची कोणाची छाती नव्हती.

साहेब खिडकीपासून वळले.

"डॉक्टर," साहेब म्हणाले, "'दोन्ही गटांमध्ये सुधारणा दिसून आली.' हे वाक्य खोटं आहे का?"

"खोटं नाही."

"मग माहितीपत्रकावर छापायला काय हरकत आहे?"

मूर्तींनी चष्मा घातला. "छापा. पण पुढच्याच ओळीत हेही छापा, की ही सुधारणा अर्कामुळे झाली असं दिसत नाही. नाहीतर माझं नाव काढा."

साहेबांनी मान हलवली. माणूस प्रामाणिक होता. थोडा विचार करून त्यांनी विचारलं, "पण किती बारीक अक्षरांत?"

* * *

आता ताराबाई.

ताराबाई शहरातल्या कोठी भागात एकट्या राहायच्या. सत्तरीच्या आसपास वय, उंची जेमतेम, आवाज खणखणीत. आमच्या सगळ्या स्वयंसेवकांत त्यांच्यासारखी सुधारणा कोणाची नव्हती. पहिल्यांदा आल्या तेव्हा आमचा एक जिना चढताना दोनदा खाली बसल्या होत्या. सहा महिन्यांत साखर उतरली, बीपी उतरलं, पोटाचा घेर उतरला. दर सोमवारी दोन बस बदलून कुकटपल्लीला यायच्या, दाणदाण जिना चढायच्या आणि मलाच विचारायच्या, "काय ग, धापा कशाला टाकतीस?" साहेबांनी त्यांचा फोटो कॅप्सूलच्या खोक्यावर छापायचं ठरवलं. फोटोच्या दिवशी इरकली नेसून, अबोलीचा गजरा माळून आल्या होत्या.

मग पाकीट फुटलं. ताराबाई 'ब' गटात. पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत मक्याचं पीठ!

साहेब म्हणाले, "नका सांगू. बाई बरी आहे, तशीच राहू द्या." मूर्ती ऐकेनात. "प्रयोग त्यांच्या शरीरावर झाला. पोटात काय घातलं ते त्यांना कळलंच पाहिजे." मला दोघांचंही पटत होतं. मराठी बोलणारी बाई म्हणून पाठवलं मलाच.

बसमध्ये मी वाक्यं जुळवत होते. एकही धड जुळेना. ऐकून यांनी हाय खाल्ली तर? आपण फसवले गेलो म्हणून अंथरूण धरलं तर? बरी झालेली बाई माझ्या चार शब्दांनी पुन्हा जिन्यात बसायला लागली, तर मी कोणाला तोंड दाखवू?

ताराबाईंनीच दार उघडलं. "ये ग! फोटो धुऊन आला का?"

मी खाली बसले. पाणी प्यायले. आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. दोन गट, पाकीट, अ आणि ब, सगळं. त्या मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या.

"म्हणजे माझ्या गोळीत औषध नव्हतंच?"

"नव्हतं, मावशी."

"काहीच?"

"नुसतं पीठ होतं."

"कशाचं?"

"मक्याचं. वरून हिरवा रंग."

आत कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी झाली, तरी त्या हलल्या नाहीत. मी त्यांचा हात धरला. माझे डोळे भरून आले.

"डोळे पूस आधी," त्या म्हणाल्या.

मग उठल्या. फळीवरून कागद आणि पेन्सिल घेतली, चष्मा लावला आणि माझ्यासमोर येऊन बसल्या.

"हं, सांग. कोणत्या चक्कीचं?"